वायरलेसचं नंतर बघू, आधी तुझा दिवस सांग

तू तीन फोनची नावं पाठवलीस, किमतींचे स्क्रीनशॉट पाठवलेस आणि खाली एकच ओळ लिहिलीस : "ताई, वायरलेस चार्जिंग असलेलाच घेऊ ना? ऑफिसात सगळ्यांकडे आहे." अगं, कोणता घ्यायचा ते तुझं ठरलंय. माझ्याकडून तुला फक्त 'हो' हवंय, आईला सांगायला. म्हणजे उद्या काही झालं तर "ताईनेच सांगितलं" म्हणायला तू मोकळी. देईन की 'हो', पण आधी माझं थोडं ऐकून घ्यावं लागेल.

माझं पोट बॅटऱ्यांवर चालतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण मी नेमकं करते काय ते कुणालाच सांगता येत नाही. आई शेजारी "स्कूटरच्या कंपनीत आहे" एवढंच सांगून मोकळी होते. तर ऐक. आमच्या लॅबमध्ये भिंतीला लागून लोखंडी कपाटं आहेत, त्यांना आम्ही चेंबर म्हणतो. एकात २५ अंश, दुसऱ्यात ४५ अंश तापमान धरून ठेवलेलं असतं. एकाच खोक्यातून काढलेले, एकाच दिवशी बनलेले सेल दोन्हीकडे लावायचे आणि रात्रंदिवस भरायचे, रिकामे करायचे. सुरुवातीला दोन्हींचे आलेख एकमेकांवर बसलेले असतात. मग काही आठवड्यांत ४५ अंशांवाल्याची रेघ खाली झुकायला लागते आणि एकदा झुकली की वर येत नाही. आत होतं काय, तर ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. अडकलं की ते कामातून गेलं. हा थर साचायचाच, कुणाला चुकत नाही. पण उष्णता वाढली की तो भराभर साचतो. ढोबळ हिशोब असा की दर दहा अंशांना या झिजेचा वेग जवळपास दुप्पट होतो. स्कूटरच्या सेलचं रसायन आणि फोनच्या सेलचं रसायन थोडं वेगळं असतं, पण या बाबतीत दोघांचा स्वभाव एकच. हे सगळं बघून बघून मला एक खोड लागलीय. कुणी नवा फोन हातात दिला की लोक कॅमेरा दाखवत असतात आणि मी त्याची पाठ चाचपत असते.

आता तुझी यादी. आयफोन १७, गॅलेक्सी एस२५, वनप्लस १५. बाजारात आले तेव्हा तिन्ही ७० ते ८५ हजारांच्या घरातले. कागदावर बॅटरी बघितली तर आयफोन ३,६९२ एमएएच, सॅमसंग ४,००० आणि वनप्लस चक्क ७,३००. तू विचारशील की एकाच किमतीत दुप्पट कशी? एक तर तो फोन मोठा आणि जड आहे, दोनशे दहा ग्रॅमच्या आसपास. सॅमसंग १६२ ग्रॅमचा आहे, मनगटाला कळतो फरक. दुसरं म्हणजे त्याच्या बॅटरीत ग्रॅफाइटबरोबर सिलिकॉन घातलंय. सिलिकॉन वजनाच्या मानाने ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट लिथियम धरून ठेवू शकतं. मग सगळेच का वापरत नाहीत? कारण भरताना ते तिपटीच्या वर फुगतं, रिकामं होताना आक्रसतं आणि असं रोज फुगत-आक्रसत राहिलं की आतून तडकतं. म्हणून ते बारीक करून, कार्बनमध्ये बेताने मिसळून वापरतात. ॲपल आणि सॅमसंगने तुझ्या यादीतल्या फोनांत नेहमीचा ग्रॅफाइटच ठेवलाय. सॅमसंग इतकं जपून का चालतं, याचा माझा आपला एक अंदाज आहे. २०१६मध्ये त्यांचे नोट ७ पेट घ्यायला लागले, सगळे परत मागवावे लागले आणि पुढच्या वर्षी जानेवारीत त्यांनी स्वतःच जाहीर केलं की दोष बॅटरीच्या सेलमध्येच होता. तू तेव्हा शाळेत होतीस. विमानात बसलं की त्या एका फोनचं नाव घेऊन "बंद ठेवा" अशी घोषणा व्हायची. ज्याने हे भोगलं तो नव्या रसायनाकडे दहा वेळा बघणारच.

एमएएचचा आकडा मात्र तसाच्या तसा तुलनेला धरू नकोस. कमी आकड्यावर आयफोन बराच वेळ निभावतो, कारण प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर दोन्ही त्यांचंच. तरी ७,३०० आणि ३,६९२ हे अंतर केवळ हुशारीने भरून निघणारं नाही, हेही तितकंच खरं.

बरं, वायरलेस.

पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. फोनच्या पाठीतही तसंच वेटोळं असतं, त्यात वीज उमटते. १८३१मध्ये फॅरडेने दाखवलं तेच हे, नववीच्या पुस्तकातलं नाही तर दहावीच्या पुस्तकातलं. भिंतीतली वीज पॅडने पालटायची, हवेतून पलीकडे द्यायची, फोनने ती परत सरळ करून बॅटरीत भरायची. या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळते आणि गळलेली सगळी वीज उष्णता होऊन बसते. २०२०मध्ये वनझिरो या नियतकालिकासाठी एका पत्रकाराने पिक्सेल ४ घेऊन हे मोजलं होतं. शून्यापासून शंभरपर्यंत भरायला वायरने सरासरी १४.२६ वॅट-अवर लागले, पॅडवर २१.०१. म्हणजे ४७ टक्के जास्त. आकडा ऐकून लोक घाबरतात, पण जरा हिशोब कर. रोज सात वॅट-अवर जास्त, म्हणजे वर्षाला अडीच युनिट. युनिट सात रुपयांनी धरला तरी अठरा रुपयांच्या आत. दर्शिनीतली एक फिल्टर कॉफी. तेव्हा विजेच्या बिलाचं भांडण कुणी काढलं तर सोडून दे.

खरा प्रश्न ती गळती कुठे तापते हा आहे. वायरने भरताना बरीचशी उष्णता भिंतीतल्या ॲडाप्टरमध्ये राहते. वनप्लसवाल्यांची जलद चार्जिंगची युक्ती तर मुळात हीच होती की व्होल्टेज उतरवण्याचं तापदायक काम ॲडाप्टरने करायचं, फोनने नाही. म्हणून त्यांचे ॲडाप्टर विटेएवढे आणि हात लावला तर चटका बसावा असे. वायरलेसमध्ये मात्र ही उष्णता थेट फोनच्या पाठीशी तयार होते, आणि पाठीमागेच बॅटरी असते. वरून जाड कव्हर. त्यात फोन पॅडवर बोटभर सरकलेला असला की वेटोळ्यावर वेटोळं नीट बसत नाही, वीज कमी पोचते आणि ताप वाढतो. सकाळी उठून बघावं तर फोन गरम आणि चार्ज ६० टक्केच.

ही सरकासरकी थांबवायला चुंबक आले. ॲपलने २०२०मध्ये आयफोन १२ला मॅगसेफ दिलं, पुढे तीच चुंबकांची रचना क्यूआय टू या सगळ्यांसाठीच्या मानकात आली. तुझ्या यादीत इथे मोठा फरक पडतो बघ. आयफोन १७च्या पाठीत चुंबक आहेत, तो पॅडवर टक्कन बसतो आणि २५ वॅटपर्यंत घेतो. एस२५मध्ये वायरलेस आहे, पण १५ वॅटचं, आणि चुंबक फोनमध्ये नाहीत. चुंबकवालं कव्हर घेतलंस तरच चिकटतो. वनप्लस वायरलेसने ५० वॅट घेतो, ऐकायला भारी, पण त्यासाठी त्यांचाच खास स्टँड वेगळा घ्यावा लागतो. ऑफिसातल्या साध्या पॅडवर ठेवलास तर त्याची ऐट तिथेच संपली. म्हणजे रोजचं, विनाकटकट वायरलेस हवं असेल तर तुझ्या यादीत आयफोनच. गूगलने पिक्सेल १०मध्ये पण चुंबक दिलेत, पण तो तुझ्या यादीत नाही, आणि कॅमेऱ्यासाठी पिक्सेल घ्यावा हे मी गेल्या दिवाळीत सांगितलं तेव्हा तू नाक मुरडलं होतंस.

हा मुद्दा तुझ्या बाजूचा झाला. लगेच खूश होऊ नकोस. खोक्यात फक्त वायर मिळते. २५ वॅटचं पॅड आणि त्याला पुरेल असा निदान ३० वॅटचा ॲडाप्टर, दोन्ही वेगळे घ्यायचे. रस्त्यावर 'मॅगसेफसारखं' म्हणून साडेतीनशेला मिळतं त्यात चुंबक असतो, पण क्यूआय टूचं प्रमाणपत्र नसतं. आयफोन त्याच्याकडून साडेसात वॅटच घेतो. ॲडाप्टर कुठलाही घे, पण त्याच्यावर बीआयएसची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघ. अर्धं मिनिट लागतं. क्रमांकापुढे भलत्याच वस्तूचं नाव आलं तर मुकाट्याने परत कर.

आता तू फोन वापरणार कसा, ते बघू. मारतहळ्ळीचा पीजी, खोलीत दोघींत एक सॉकेट, सकाळी ३३५ई बस नाही तर कॅब, व्हाइटफील्डला ऑफिस, रात्री नऊला परत. बेंगळुरूत फोन बंद पडला म्हणजे माणूस बंद पडला. रिक्षा नम्म यात्रीवर, मेट्रोचं तिकीट फोनवर, इडलीचे पैसे यूपीआयने, पीजीच्या गेटवर ॲप, ऑफिसच्या लॅपटॉपला शिरायला ओटीपी. वर मीटिंग तळघरातल्या खोलीत, जिथे रेंज एक कांडी. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधायला जास्त ताकद लावतो आणि काही न करता बॅटरी उतरते. तेव्हा संध्याकाळी सातला तुझ्या फोनमध्ये किती उरेल, हा माझा पहिला प्रश्न असतो.

आणि दुसरा प्रश्न, रात्रीचं काय? रात्रभर पॅडवर ठेवून झोपायचं हे तू मनात पक्कं केलेलं दिसतंय. इथे माझा खरा विरोध आहे. १०० टक्क्यांवर फोनच्या सेलचं व्होल्टेज ४.४च्या पुढे असतं आणि त्या ताणात आतलं रसायन लवकर झिजतं. भरलेला फोन पॅडवर पडून राहिला की ९९ होतो, पुन्हा १०० करतो, पुन्हा ९९. पोट तुडुंब भरलेल्या जावयाला सासूबाई रात्रभर आणखी एक जिलबी वाढत बसल्या आहेत असं समज, आणि तेही पंखा नसलेल्या खोलीत. एका रात्रीत काही होत नाही. दोन वर्षांनी तूच मला फोन करशील, "ताई, दुपारीच वीस टक्के होतंय."

म्हणून पहिल्या दिवशी, फोन चालू करून वायफाय लावलंस की पुढचं काम हे. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये बॅटरी, तिथे चार्जिंग, आणि मर्यादा ८०वर आण. सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन, वनप्लसमध्येही चार्जिंगची मर्यादा आहे. नावं वेगवेगळी, काम एकच. प्रवासाला निघताना १०० कर, त्याने काही बिघडत नाही.

यावर तू म्हणशील, आधीच बॅटरी लहान, त्यात ८० टक्केच, मग संध्याकाळ कशी निघेल? इथेच ते तुझं ऑफिसातलं वायरलेस पॅड कामाला येतं, आणि इथेच मी त्याच्या बाजूने उभी आहे. रात्री वायरने, सावकाश, ८०पर्यंत. दुपारी जेवून आलीस की फोन पॅडवर अर्धा तास, ५०चे ६५-७०. पुन्हा उचल. ऑफिसातली एसीची हवा, कमी वॅटचं पॅड, छोटी छोटी भर. बॅटरीला यापेक्षा सुखाचं काही नाही. वीसवरून शंभर करण्यापेक्षा चाळीस-पन्नासवरून सत्तर करणं तिला फार कमी जाचतं. वायरलेस वाईट नाही गं. गादीवर रात्रभर, जाड कव्हरसकट, २५ वॅटने, १००पर्यंत, हे वाईट. ऑफिसात फोन दिवसभर स्टँडवर उभा करून त्यावर गाणी चालू ठेवणारी मंडळी असतात ना, त्यांचं तू बघू नकोस.

पॅडवर ठेवताना कव्हरच्या मागे काय आहे ते मात्र बघ. तू कव्हरमध्ये मेट्रोचं कार्ड ठेवतेस हे मी पाहिलंय, आणि ऑफिसचं आत शिरायचं कार्डसुद्धा. वायरलेसने भरताना मध्ये असं कार्ड राहिलं तर त्यातली चिप बिघडू शकते, काळी पट्टी असलेलं बँकेचं कार्ड असेल तर ती पुसली जाऊ शकते; ॲपलने स्वतः हे लिहून ठेवलंय. आजीने दिलेलं ते लक्ष्मीचं छोटं नाणंही पर्समध्ये ठेव, कव्हरमध्ये नको. धातू मध्ये आला की पॅड बहुतेक वेळा थांबतं, पण स्वस्तातलं पॅड थांबेलच असं नाही, आणि मग ते नाणं चांगलंच तापतं.

स्कूटर घेशील तेव्हाचंही आत्ताच सांगून ठेवते. हँडलला फोन अडकवायचा, नकाशा चालू, उजेड पूर्ण, वर ऊन, आणि खालून चार्जिंग, हे सगळं एका वेळी करायचं नाही. बेंगळुरूची हवा तशी फोनच्या बाजूची आहे. ॲपल शून्य ते ३५ अंशांत फोन वापरा म्हणतं आणि इथले बहुतेक दिवस त्याच्या आत बसतात. मिरजेत मे महिन्यात दुपारी बाबांचा फोन खिडकीत ठेवला की कसा तापतो ते तुला माहीत आहेच. पण हँडलवर ऊन थेट लागतं, तिथे हवेचा काही उपयोग नाही. शिवाय इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातलं चित्र स्थिर ठेवणारं यंत्र बिघडू शकतं, असं ॲपलने २०२१मध्ये मोटरसायकलवाल्यांना सांगितलं होतं. रस्त्यातले खड्डे त्यांनी पाहिलेच नव्हते. एका कानात इअरफोन घालून रस्ता ऐकायचं असंही सुचवणार नाही, पोलीस पकडतात. रस्ते पाठ कर, झालं.

आता ते बॅटरी हेल्थचं खूळ. तुझी रूममेट रोज सकाळी दात घासायच्या आधी तो आकडा बघते आणि ९७ झाला म्हणून तिने दोन दिवस तोंड पाडलं होतं, असं तूच सांगितलंस. तिला सांग, तो आकडा म्हणजे फोनने बांधलेला अंदाज आहे. कधी महिनोन्‌महिने हलत नाही, कधी एकदम दोनने खाली येतो. नव्या सेलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा थोडं जास्तच असतं, म्हणून पहिले काही महिने १०० दिसतं आणि लोकांना वाटतं आपण फार जपतोय.

आयफोन १५पासून पुढच्या फोनांना ॲपल सांगतं की हजार सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील. आधीच्या फोनांना पाचशे सायकल सांगायचे. युरोपात जून २०२५पासून कायदाच झाला, विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी आठशे सायकलनंतर निदान ८० टक्के राहायला हवी. सायकल म्हणजे एकदा वायर लावणं नव्हे. एकूण १०० टक्के वापरले की एक सायकल. आज ६० आणि उद्या ४० वापरलेस तर दोन दिवसांची मिळून एक. तू दिवसाला ७० टक्के वापरतेस असं धरलं तर हजार सायकलला जवळपास चार वर्षं लागतात. चार वर्षांनी ८० टक्के! आणि ही पोरगी ९७ झालं म्हणून तोंड पाडून बसते.

चार वर्षांनी करायचं काय, तर बॅटरी बदलायची. फोन नाही, बॅटरी. लोकांना हे सुचतच नाही. २०१७च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन ते सॉफ्टवेअरने मुद्दाम हळू करत होते, अचानक बंद पडू नयेत म्हणून. केवढा गदारोळ झाला. पण त्यातून एक गोष्ट सगळ्यांना कळली की फोन हळू झालाय असं वाटतं तेव्हा कित्येकदा फक्त बॅटरी थकलेली असते. ती बदलली की तोच फोन पुन्हा पळतो.

माझ्या जुन्या फोनची मी एसपी रोडला बदलून घेतली होती. सदर पत्रप्पा रोड, सगळं गाव त्याला एसपी रोडच म्हणतं. गल्लीत एक टेबल, वर भिंग आणि दिवा. पोऱ्याने फोन उलटा करून तापलेल्या पट्टीवर ठेवला, पाठीचा गोंद मऊ होईपर्यंत चहा पिऊन आला, मग रबरी चूषक लावून पाठ केसभर उचलली आणि फटीतून प्लॅस्टिकची पातळ निळी पट्टी चारी बाजूंनी फिरवली. आत चंदेरी पाकीट. ते सपाट असायला हवं, माझं मधून वर आलेलं होतं, बोटाने दाबावं असा मोह व्हावा इतकं. मी हात पुढे केला तर तो ओरडलाच, "मुट्टबेडी मॅडम!" हात लावू नका म्हणे. बरोबरच होतं त्याचं. फुगलेल्या बॅटरीला टोचलं, वाकवलं तर ती पेटते. त्याने धातूचं काही न वापरता गोंदाची पट्टी हळूहळू ओढून ती सोडवली आणि वाळूच्या डब्यात टाकली. नव्या बॅटरीवर आयएस १६०४६ ही खूण मी आधी बघून घेतली होती. निघताना तो म्हणाला, आता याला पाणी लावू नका. कारखान्यात पाठ सील होते तशी टेबलावर होत नाही.

माझ्या जुन्या फोनला ते ठीक होतं. तुझ्या ८० हजारांच्या फोनला अधिकृत सर्व्हिस सेंटरच बरं. बाहेरची बॅटरी घातली की आयफोन 'अनोळखी भाग' म्हणून सेटिंग्जमध्ये लिहून ठेवतो आणि विकताना गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं. आणि फोनची पाठ किंवा पडदा कडेने उचललेला दिसला, तर वायर काढायची, फोन बंद करायचा आणि तडक दुकान गाठायचं. 'उद्या बघू' नाही. जुनी बॅटरी पीजीच्या कचऱ्यात टाकू नकोस, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर तिथे आग लागते.

पैशाचंही बोलूया, कारण तेच तू शिताफीने टाळलंस. तिन्ही फोन तुझ्या एका पगारापेक्षा महाग आहेत. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या खाली बारीक अक्षरांत प्रोसेसिंग फी असते, आणि व्याज सवलत म्हणून वजा केलं तरी त्या व्याजावरचा जीएसटी तुझ्या कार्डावर येतो. ते वाच, मग सही कर. आणि वायरलेस हवं म्हणून ८० हजारच घालायला हवेत असंही नाही. मोटोरोलाचा एज ६० प्रो ३० हजारांच्या आसपास आला तेव्हा त्यात १५ वॅटचं वायरलेस आणि ६,००० एमएएच दोन्ही होतं. तू नाव ऐकून तोंड वाकडं करणार, माहितीय मला. तरी लिहिलं, म्हणजे पुढे "सांगितलं नाहीस" नको. आणि आयफोन इथेच बनतो म्हणून स्वस्त असेल असं बाबा म्हणाले ना? २०१७मध्ये भारतातला पहिला आयफोन आपल्या बेंगळुरूतच, पीण्यात जुळवला हे खरं. आता कोलारजवळ नरसापुरात टाटांचा आणि देवनहळ्ळीला फॉक्सकॉनचा कारखाना आहे.  पण इथे बनतो म्हणून इथल्या दुकानात किंमत उतरत नाही, हे बाबांना तूच समजाव.

तर निवाडा. एस२५ बाद. हाताला सगळ्यांत गोड तोच आहे, सात वर्षं अपडेट मिळणार, आईसाठी घेत असतो तर मी तोच म्हटलं असतं. पण तुझ्या चौदा तासांच्या दिवसाला ती बॅटरी पुरायची नाही, आणि चुंबकासाठी वेगळं कव्हर शोधत बसशील. वनप्लस आणि आयफोनमध्ये मी माझ्यासाठी डोळे मिटून वनप्लस घेतला असता. शनिवारी-रविवारी मी डोंगरात असते, कुमार पर्वताला दोन दिवस सॉकेट दिसत नाही, आणि मला फोन खिशात जड लागला तरी चालतो. तू आयफोन घे. तुझे हात लहान आहेत, तुला व्हिडिओ करायचेत, ऑफिसात टेबल आणि पॅड दोन्ही आहे, आणि नावडता फोन घेतलास तर तू दोन वर्षांत काहीतरी निमित्त काढून तो बदलशील, हे मी तुझ्या सायकलीपासून बघत आलेय. पाच वर्षं वापरायचा या बोलीवर घे. चौथ्या वर्षी बॅटरीचे पैसे लागतील, ते आत्तापासून धरून चाल.

रविवारी सकाळी हेब्बळला मॉल ऑफ एशियातल्या ॲपलच्या दुकानात जाऊ, गर्दी व्हायच्या आत. विकत तिथेच घ्यायचा असं नाही. रंग हातात धरून बघ, पॅडवर ठेवून उचलून बघ, मग बँकेची ऑफर जिथे चांगली तिथे घेऊ. आणि तुझा आत्ताचा फोन तू आईला देणार हे मी गृहीत धरलंय. तो तसाच पाठवू नकोस. तीन वर्षं तू त्याला रात्रभर १००वर ठेवलंयस, आधी त्याची बॅटरी बदलून घे, ८०ची मर्यादा लाव, अक्षरं मोठी कर आणि मग राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरजेला जाशील तेव्हा घेऊन जा. आई फोन उशीखाली ठेवून चार्जिंगला लावते, तेवढं मात्र तू समोर बसून बंद करून घे. माझं ती ऐकत नाही.